जुन्या कॉम्प्युटरवर नवा व्हिडिओ : एका बंद दाराचा इतिहास

मिरजेत आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, निकाहाचे दावतनामे, उरुसाची पोस्टरं, पतसंस्थांची पावतीपुस्तकं असं काम चालायचं. १९९९च्या डिसेंबरात अब्बांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक कॉम्प्युटर जुळवून आणला. पेंटियम थ्री, ४५० मेगाहर्ट्झ, १२८ एमबी रॅम, विंडोज ९८. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या डब्यात रात्रभर मॉनिटरचं खोकं मांडीवर धरून ते आले. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की मीही त्या डब्यात होतो असं मला वाटायला लागलंय.

ते मशीन अजून आहे. छापखाना बंद होऊन सात वर्षं झाली, तरी आहे. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला एक डाँगल लागायचा. तो मागच्या बाजूला, जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टला बसतो. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. त्यामुळे दोन दशकांच्या पत्रिका आणि पोस्टरं उघडायची, तर ती फक्त तिथेच उघडतात. ज्यांनी डीटीपीत उमेदवारी केली आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. कापडाखाली झाकून ठेवलेलं असं एखादं मशीन त्यांच्याही ओळखीच्या छापखान्यात असेल.

उर्दूचं काम इनपेजवर व्हायचं. हे सॉफ्टवेअर १९९४ साली आलेलं. त्यात नस्तालीक लिपी पडद्यावर जुळवता यायची. मशीन येण्याआधी आमच्या छापखान्यात उर्दू मजकूर कातिबाने हाताने लिहायचा आणि त्यावरून प्लेट करायची, हीच रीत होती. आमच्याकडचे दावतनामे कातिब चाचा लिहायचे. खिडकीजवळचं उताराचं टेबल त्यांचं. मशीन आलं तेव्हा ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते टेबल सरकवून तिथे कॉम्प्युटरचं टेबल मांडलं. अब्बांनी चाचांना काढलं नाही. त्यांच्याकडे काम येईनासं झालं, एवढंच. या दोन्हींत फरक आहे, असं अब्बा म्हणायचे. पुढे म्हणेनासे झाले.

चाचा वारले. गेल्या वर्षी त्यांच्या शारजात नोकरी करणाऱ्या नातवाने एक व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. साडेतीन मिनिटांचा. चाचा बरूच्या कलमाने बिस्मिल्लाह लिहितायत, बाकी काही नाही. मी तो मोबाईलवर अब्बांना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाईल परत दिला. दोन दिवसांनी चहा घेता घेता म्हणाले, "तो व्हिडिओ आपल्या मशीनवर लागेल का रे?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

संध्याकाळी खरंच प्रयत्न करून पाहिला. आधी तर मशीनचं नेटवर्क कार्डच चालेना. त्याला छापखान्याच्या काळात वीज पडून धक्का बसला होता. भाच्याने दुरुस्तीवाल्याच्या खणातून दुसरं आणलं. विंडोज ९८ला ते ओळखायला लावण्यात तीन संध्याकाळी गेल्या, आणि एका फ्लॉपीसाठी अर्धी मिरज पालथी घातली. अखेर तार जोडली, ब्राउझर उघडला, पत्ता टाकला. पान उघडता येत नाही, एवढंच उत्तर. व्हिडिओ अडखळला असता किंवा आवाज तुटला असता तर समजू शकलो असतो. इथे दारच उघडलं नाही.

गंमत म्हणजे याच मशीनवर आम्ही इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहिलेले आहेत! २००७ साली छापखान्यात ब्रॉडबँड आलं, तेव्हा दुपारच्या सुट्टीत कामगार पोरं याच पडद्यावर कव्वाल्या आणि क्रिकेटची षटकं पाहायची. त्यानंतर मशीनचा एकही महत्त्वाचा भाग बदललेला नाही. मग मधल्या काळात म्हातारं कोण झालं? हा प्रश्न डोक्यात बसला आणि मी वाचायला लागलो. जे सापडलं ते इथे मांडतोय.

सुरुवात हिशेबाने करू. ३२० बाय २४० ठिपक्यांचं छोटंसं चित्र, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. गुणाकार केला तर एका सेकंदाला ५७ लाख ६० हजार बाइट होतात. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे ५६ के मोडेम आले, तेव्हाही टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला फार तर सात हजार बाइट यायचे. म्हणजे चाचांचा साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ न दाबता, आहे तसा पाठवायचा ठरवला असता, तर तो पोचायला बरोबर ४८ तास लागले असते. तेही मध्येच कुणी फोन उचलला नाही तर.

हे ४८ तास ज्या कल्पनेने मिनिटांवर आणले, ती एका बंगळुरूच्या माणसाची आहे. नासिर अहमद यांचा जन्म १९४०चा. बंगळुरूच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून १९६१ साली ते इंजिनिअर झाले आणि अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात जाऊन १९६६ला पीएच.डी. मिळवली. कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांना एक गोष्ट सुचली. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. चौसष्ट ठिपक्यांचे चौसष्ट रंग पाठवण्याऐवजी, त्या चौकोनात कोणती लाट किती प्रमाणात मिसळली आहे ते मोजायचं. लाट म्हणजे त्रिकोणमितीतली कोसाइनची. भिंत, आकाश, चेहऱ्याची त्वचा यांत रंग सावकाश बदलतो. त्यामुळे बहुतेक सगळं वजन दोन-चार संथ लाटांवर येतं. उरलेल्या बारीक लाटा गाळून टाकल्या तरी डोळ्यांना फारसं कळत नाही. चौसष्ट आकड्यांचं काम पाच-सहा आकड्यांत भागतं.

१९७२ साली त्यांनी ही कल्पना अभ्यासण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. मिळाला नाही. कल्पना फारच सोपी वाटते, अशा अर्थाचा शेरा एका परीक्षकाने मारला होता, असं त्यांनी पुढे १९९१ साली लिहून ठेवलं आहे. तिथल्या प्राध्यापकांना विद्यापीठाचा पगार नऊ महिन्यांचा असतो, उन्हाळ्याची सोय संशोधनाच्या निधीतून करायची असते. १९७३चा उन्हाळा अहमदनी बिनपगारी काढला आणि काम पूर्ण केलं. जानेवारी १९७४मध्ये शोधनिबंध छापून आला. त्यावर तीन नावं होती : अहमद, त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधले सहकारी के. आर. राव.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर 'जगाला मुसलमानांनी काय दिलं' अशा याद्या फिरतात. नासिर अहमद यांचं नाव मला पहिल्यांदा अशाच एका यादीत दिसलं. यादी खोटी नव्हती. पण तिच्यात नटराजन आणि राव गळाले होते. तो उन्हाळा, तो नाकारलेला अर्ज, हेही गळालं होतं. अभिमान बाळगायला हरकत नाही, पण तीन माणसांचं काम एकाच्या नावावर करून तो बाळगू नये. २०२१ साली 'धिस इज अस' या अमेरिकन मालिकेच्या एका भागात नासिर अहमद आणि त्यांच्या पत्नी एस्थर यांची गोष्ट दाखवली. लॉकडाऊनमध्ये लोक एकमेकांना पडद्यावर भेटत होते, त्या भेटी कुणाच्या गणितावर चालल्या होत्या हे सांगण्यासाठी. यादीपेक्षा मला ते बरं वाटलं.

'फारच सोपी' ही कल्पना १९८८च्या एच.२६१ या व्हिडिओ पद्धतीत आली. मग एमपेग-१मध्ये. आपल्याकडे घरोघरी पोचलेली व्हीसीडी म्हणजेच एमपेग-१. भाड्याने आणलेली व्हीसीडी कॉम्प्युटरवर लावून सगळी गल्ली एकच सिनेमा बघायची, तो काळ अनेकांना आठवत असेल. आजच्या जवळपास सगळ्या प्रमुख व्हिडिओ पद्धतींच्या गाभ्यात तेच रूपांतर, कधी मूळ तर कधी सुधारलेल्या रूपात, बसलेलं आहे.

इथे माझा पहिला समज मोडला. जुनी मशीनं व्हिडिओ दाखवू शकत नाहीत, हे खरं नाही. १९८१ साली आलेला आयबीएमचा पहिला पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा, म्हणजे अब्बांच्या मशीनच्या जवळपास शंभराव्या हिश्श्याने. २००४ साली जिम लेनर्ड नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने त्या जातीच्या मशीनवर आवाजासकट हलतं चित्र चालवून दाखवलं. पडद्यावर अक्षरं दाखवण्याची जी सोय होती, त्याच अक्षरांचे आकार आणि रंग वापरून त्याने चित्र रचलं. दहा वर्षांनी, २०१४मध्ये, त्याने तेच ग्राफिक्समध्ये करून दाखवलं. तेव्हा मशीनचं वय तेहतीस होतं. जे चित्र १९८१ सालीही दाखवता आलं असतं, ते दाखवण्याची युक्ती सुचायला तेवढी वर्षं गेली.

अब्बांच्या मशीनची गोष्ट तर यापेक्षा कितीतरी सोपी. यूट्यूब २००५मध्ये निघालं. २३ एप्रिल २००५ला त्यावरचा पहिला व्हिडिओ चढला. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहिलेला एक तरुण, एकूण १९ सेकंद. तो तरुण म्हणजे संस्थापकांपैकी एक, जावेद करीम. वडील बांगलादेशी, आई जर्मन, जन्म पूर्व जर्मनीतला. (भाच्याने लगेच विचारलं, "हा पण यादीत आहे का?") तेव्हाचे व्हिडिओ ३२० बाय २४०चे असायचे आणि अडोबीच्या फ्लॅश प्लेअरमधून चालायचे. फ्लॅश प्लेअर ९ची विंडोजसाठी किमान अट काय होती माहीत आहे? पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झ, १२८ एमबी रॅम. आमच्या मशीनचा वेग अगदी तोच, रॅमही तेवढीच, आणि प्रोसेसर एक पिढी पुढचा. छापखान्यातली पोरं कव्वाल्या बघू शकत होती, ती काही नशिबाने नव्हे.

मग दार बंद कसं झालं? एका दिवसात झालं नाही, आणि एकाच माणसाने केलं असंही नाही. पण एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. तो तिथेच काम करणाऱ्या ख्रिस झकारायस या इंजिनिअरने २०१९ साली स्वतः लिहिला. २००९मध्ये यूट्यूबच्या वेब विभागातले लोक इंटरनेट एक्स्प्लोरर ६ला वैतागले होते. २००१चा ब्राउझर, मानकं न पाळणारा. त्याच्यासाठी प्रत्येक पान वेगळं ठोकून-ठाकून बसवावं लागायचं. पण तेव्हाही यूट्यूबचे सुमारे १८ टक्के प्रेक्षक तोच वापरत होते, म्हणून वरिष्ठ त्याला सोडायला तयार नव्हते. मग या मंडळींनी कुणालाही न विचारता, जुन्या कर्मचाऱ्यांकडे उरलेल्या एका विशेष परवानगीचा फायदा घेऊन, व्हिडिओच्या वर एक पट्टी लावली. तुमच्या ब्राउझरला दिलेला आधार आम्ही लवकरच काढून घेणार आहोत, नवा घ्या. कधी काढणार याची तारीख नव्हती, कारण असं काही ठरलेलंच नव्हतं! वरिष्ठांना कळेपर्यंत बातम्या आल्या होत्या. गूगलच्या इतर विभागांनीही तशाच पट्ट्या लावायला घेतल्या. महिन्याभरात यूट्यूबवरचे ते प्रेक्षक निम्म्यावर आले, आणि मार्च २०१०मध्ये आधार खरोखरच काढला गेला.

हा किस्सा इंटरनेटवर शौर्यकथेसारखा सांगितला जातो. इंजिनिअरांचा त्रास खरा होता, हे मला मान्य आहे. तो ब्राउझर असुरक्षितही होता. पण मी तो वाचताना त्या पट्टीच्या दुसऱ्या बाजूला कोण बसलं असेल, हे शोधत होतो. सायबर कॅफेतला पोरगा, ज्याला मशीनवर काही घालायची परवानगी नाही. सरकारी कचेरीतला कारकून. नवा ब्राउझर ज्यावर बसतच नाही असं मशीन असलेला छापखाना. त्यांच्यातल्या कुणालाही ही गोष्ट सांगायला कुणी बोलावलेलं नाही.

याच झकारायसने दुसरी एक गोष्टही लिहिली आहे, २०१२ साली, आणि ती मला या सगळ्या वाचनात मोलाची वाटली. यूट्यूबचं व्हिडिओ दाखवणारं पान तेव्हा सव्वा एमबीच्या आसपास गेलं होतं. व्हिडिओ वेगळा, हे नुसतं त्याच्या भोवतालचं पान. त्याने एकट्याने बसून ते पान नव्याने लिहिलं. प्रकल्पाचं नाव 'फेदर', म्हणजे पीस. आवश्यक नाही ते सगळं काढलं, आणि पान ९८ किलोबाइटवर आणलं. मग ते काही प्रेक्षकांना दिलं आणि आठवड्याने आकडे पाहिले. पान उघडायला लागणारा सरासरी वेळ कमी व्हायला हवा होता. तो वाढला होता!

त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. खूप डोकं खाजवल्यावर कुणी कुठून पान उघडलं याचा नकाशा काढून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. आग्नेय आशिया, दक्षिण आफ्रिका... नव्हे, अख्खा आफ्रिका खंड, दक्षिण अमेरिका, सैबेरियाचा दूरचा भाग, इथून अचानक माणसं आली होती. त्यांच्याकडे 'फेदर'चं हलकं पानही उघडायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. म्हणजे जुनं पान उघडायला वीस मिनिटांवर लागले असते. अर्थात इतका वेळ कुणी थांबत नव्हतं, म्हणून ही माणसं आधीच्या आकडेवारीत दिसतच नव्हती. पान हलकं झालं तसे ते लोक आत आले, आणि त्यांच्या संथ तारांनी सरासरी वाढवली.

आकडेवारीचा हा प्रकार आपण इतरत्रही पाहतो. ज्यांना आत येताच येत नाही, त्यांची तक्रार नोंदवहीत येत नाही, आणि मग नोंदवही दाखवून सांगितलं जातं की सगळं छान चाललंय.

बाकीची कुलपं भराभर सांगतो. इंटेलने २००० साली पेंटियम फोरमध्ये एसएसई-२ नावाच्या नव्या आज्ञा घातल्या. २०१४मध्ये क्रोमने आणि पुढे इतरांनी त्या आज्ञा नसलेले प्रोसेसर सोडून दिले. आमचा पेंटियम थ्री तिथे संपला. व्हिडिओच्या पद्धती बदलत गेल्या : एच.२६४, मग २०१३ला व्हीपी९, मग २०१८ला एव्ही१. प्रत्येक नवी पद्धत तेवढंच चित्र कमी डेटात बसवते, आणि त्या बदल्यात बघणाऱ्याच्या प्रोसेसरकडून जास्त गणित करून घेते. ज्याचा डेटापॅक लवकर संपतो त्याचा यात फायदा आहे, हे विसरू नये. फक्त ज्याचं मशीन जुनं आहे त्याच्या माथी बोजा पडतो, आणि बरेचदा ही दोन्ही माणसं एकच असतात. २०१५च्या जानेवारीत यूट्यूबने फ्लॅशऐवजी एचटीएमएल-५चा प्लेअर रुळवला. ३१ डिसेंबर २०२०ला खुद्द फ्लॅशच बंद झालं.

आमच्या पडद्यावर जे कोरडं उत्तर आलं, त्याचं कारण मात्र सर्वांत शेवटचं कुलूप. आज जवळपास प्रत्येक पान सांकेतिक भाषेत गुंडाळून येतं. टीएलएस म्हणतात तिला. १९९९ची टीएलएस १.० आणि तिची पुढची आवृत्ती मोठ्या ब्राउझरांनी २०२० साली मोडीत काढली. आता किमान २००८ची १.२ यावी लागते. विंडोज ९८च्या ब्राउझरला ती येत नाही. दोघांची ओळखच पटत नाही, म्हणून बोलणं सुरू होत नाही. ओळखपत्रांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ला असंच एक जुनं मूळ ओळखपत्र संपलं आणि जगभरची अनेक जुनी यंत्रं एका दिवसात असंख्य साइटना परकी झाली.

या कुलपाला मी नावं ठेवणार नाही. आपण काय वाचतो, काय बघतो, यावर कुणाची नजर असू नये, ही गरज आपल्यासारख्यांना तरी समजावून सांगावी लागत नाही. कुलूप हवंच. पण तेच कुलूप ज्याच्याकडे नवी किल्ली घ्यायला पैसे नाहीत त्याला बाहेर ठेवतं, हेही तितकंच खरं.

बाहेर राहिलेल्यांची बाजू सांभाळणारे लोकही या इतिहासात आहेत. जून २००५मध्ये अॅपलने पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलकडे जायचं जाहीर केलं. पुढच्या पाच वर्षांत लाखमोलाची मशीनं अडगळीत गेली. त्यांच्यासाठी फ्लॅशची शेवटची आवृत्ती २०१०ची. फायरफॉक्सनेही हात काढून घेतला. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कॅमरन कायझर या गृहस्थांनी फायरफॉक्सचा खुला कोड घेऊन त्या मशीनसाठी 'टेनफोरफॉक्स' नावाचा ब्राउझर काढला, आणि २०२१पर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, चालवला. व्हिडिओ उलगडण्याचं गणित त्या जुन्या प्रोसेसरच्या खास आज्ञांमध्ये बसवून दिलं. कायझर पेशाने डॉक्टर. सार्वजनिक आरोग्य अधिकारी म्हणून दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात हे. मला आपल्याकडचे जुने हकीम आठवले, जे गिऱ्हाईक गेलं तरी दवाखाना उघडा ठेवायचे.

दुसरा मार्ग मध्यस्थाचा. जुन्या आणि नव्याच्या मध्ये एक तिसरं यंत्र बसवायचं. बाहेरच्या जगाशी ते नव्या सांकेतिक भाषेत बोलेल, व्हिडिओ घेईल, जुन्याला झेपेल अशा पद्धतीत उलथवून देईल. हे उलथवण्याचं काम एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. ते २००० साली फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी सुरू केलं, आणि आज मोठमोठ्या कंपन्याही त्याच्यावर विसंबतात. व्हिडिओ उतरवून घेणाऱ्या यूट्यूब-डीएल या सॉफ्टवेअरवर मात्र २३ ऑक्टोबर २०२०ला अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने नोटीस बजावली आणि ते गिटहबवरून काढायला लावलं. १६ नोव्हेंबरला ते परत आलं. मूळ मालकाची परवानगी हा यातला खरा प्रश्न आहे, आणि तो मला टाळायचा नव्हता. म्हणून मी चाचांच्या नातवालाच फोन केला.

त्याने मूळ फाइल पाठवली. कशासाठी हवी ते सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अब्बांना सलाम सांगा."

भाच्याच्या लॅपटॉपवर ती फाइल एमपेग-१मध्ये बदलली, व्हीसीडीच्या मापात, ३५२ बाय २८८. सुमारे ३६ एमबी झाली. तिच्यासाठी लॅपटॉपवरच एक साधं पान केलं : कुलूप नाही, जाहिरात नाही, पांढऱ्यावर एक निळी ओळ. दोन्ही मशीनमध्ये तार. म्हणजे आमचं इंटरनेट सहा फुटांचं होतं, हे कबूल करतो. भाच्याचा हा लॅपटॉपही २०१६चा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, आणि विंडोज ११च्या अटींत तो बसत नाही. उत्तम चालतो, कीबोर्डवरची अक्षरंही अजून पुसलेली नाहीत. त्या दिवशी तो जुन्याला आत घेणारा नवा होता. त्याला कोण आत घेईल ते बघायचं.

अब्बांनी स्वतः कापड काढलं, बटण दाबलं. विंडोज ९८ला जाग यायला वेळ लागतो, तेवढ्यात त्यांनी पडदा पुसला. निळ्या ओळीवर क्लिक केलं. जुना मीडिया प्लेअर उघडला, काही सेकंद काळा राहिला, आणि मग चाचांचा हात आला. चित्र जरा चौकोनी-चौकोनी होतं. आवाज स्वच्छ होता. कागदावर कलम घासल्याचा.

बिस्मिल्लाहच्या सीनची लांब कशिश ओढताना चाचा श्वास रोखतात. मोबाईलवर मला ते दिसलं नव्हतं. अब्बा म्हणाले, "थांबव." मी थांबवलं. ते बराच वेळ ती रेघ पाहत राहिले.

"इनपेजमध्ये ही अशी कधी आली नाही," ते म्हणाले. "मी त्यांना दाखवायचो, जमलंय का म्हणून. ते म्हणायचे, जमलंय."

व्हिडिओ पुढे सोडला, संपेपर्यंत. त्यांनी मशीन रीतसर बंद केलं, पडदा काळा होईपर्यंत थांबले आणि कापड घातलं. जिना उतरताना म्हणाले, "ती तार काढू नकोस. उद्या तुझ्या अम्मीला बघायचंय."